चौथी वाटी

बुधवारी सकाळी चहाच्या कपाशेजारी चौथी वाटी दिसली तेव्हा तिला वाटलं, सासऱ्यांकडून चुकून एक जास्तीची मांडली गेली असेल. पण सासऱ्यांच्या हातून चुका होत नसत. बत्तीस वर्षं ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, स्टोअर काही सुटलं नाही. घरातलं झाडून सगळं औषधपाणी त्यांनी स्वयंपाकघराबाहेरच्या पत्र्याच्या कपाटात नेऊन ठेवलं होतं, आणि रोज सकाळी सात वाजता ज्याची त्याची गोळी ज्याच्या त्याच्या कपाजवळ, पाकिटातून सोडवून, अंगठ्याएवढ्या स्टीलच्या वाटीत हजर असायची. त्यांच्या स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या दोन. सासूबाईंची गुडघ्यांची. नवऱ्याची कॅल्शियमची, दोन वर्षांपूर्वी मनगट मोडलं तेव्हापासूनची. मनगट कधीच जुळलं होतं, गोळी चालूच होती, कारण बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली त्याला अडीच महिने झाले होते आणि आपल्याला वाटी नाही याचं तिला रोज सकाळी मनातल्या मनात बरं वाटायचं. आज वाटी होती. वाटीत एक बारीक, फिक्कट पिवळी गोळी होती, आणि तो पिवळा तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. रंग ओळखणं हेच तर तिचं काम.

ती गोळी काल रात्रीपर्यंत तिच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, दोन स्वेटरांच्या खाली होती. म्हणजे सासूबाईंनी बॅग पुसून माळ्यावर टाकायला काढली, कप्पा चाचपला आणि औषध दिसल्यावर ते जिथं जायला हवं तिथं दिलं. त्यांच्या लेखी यात उघडण्या-उचकण्याचा काही प्रश्न नव्हता. औषधं कपाटात असतात, बस. बशीत चहा ओतताना त्यांनी सहज विचारलं की कसल्या गं या गोळ्या, बरी आहेस ना. ती तोंड उघडणार तोच नवरा कपात बघत म्हणाला, "रक्तवाढीच्या आहेत. अशक्तपणा आहे म्हणून दिल्यात." झालं. एवढ्या एका वाक्यात सगळं बसलं, आणि ती त्या वाक्याच्या आत बसली. सासरे म्हणाले, अशी औषधं बॅगेत ठेवली की हमखास चुकतात, आता कपाटात आहेत, आता चुकायची नाहीत. मग त्यांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. इतके दिवस ती ही गोळी न्हाणीघरात, नळ सोडून, ओंजळीतल्या पाण्याबरोबर घेत होती. आज सासू-सासऱ्यांच्या समोर, त्यांच्याच पेल्यातल्या पाण्याबरोबर, त्यांना नातवंड होऊ नये म्हणून घ्यायची गोळी तिने गिळली, आणि सासऱ्यांनी मान डोलावली. तिला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

कामावर जाताना, रस्ता ओलांडायला उभी असताना, तिला दवाखान्यातला तो ट्रे आठवला. लग्नानंतर दोन महिन्यांनी ती दोघं तिथं गेली होती. डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या, घाईच्या, पण मायाळू. त्यांनी ट्रे पुढे सरकवला आणि एकेक वस्तू उचलून दाखवू लागल्या, पडद्याचं कापड दाखवावं तशा. हे धुवायला सोपं, हे जास्त टिकतं. नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे इतका मन लावून बघत होता की त्याला वर्षातल्या सगळ्या सुट्ट्या पाठ झाल्या असतील. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस नाकासमोर चालणारा, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तांबीची, म्हणजे कॉपर-टीची, गोष्ट निघाली तेव्हा मात्र तो दचकला. पाच वर्षं बघायला नको, बाई म्हणाल्या, बसवली की विसरून जायचं. "आतच राहणार?" त्याने विचारलं, अशा आवाजात, की जणू ती त्यालाच बसवायची होती. तीही नको म्हणाली. आपल्या आत कुणीतरी ठेवलेली, आपल्याला न दिसणारी, आपण झोपलो तरी जागी असलेली एक वस्तू. ती कल्पनाच तिला सोसवेना. तारखा मोजायच्या पद्धतीबद्दल तिने विचारलं तर बाई नुसत्या हसल्या. इंजेक्शनाने अंगावरून वेळीअवेळी जातं म्हणाल्या. निरोध त्या दोघांनी तोवर वापरून पाहिलाच होता आणि त्याची कहाणी बाईंना सांगण्यासारखी नव्हती. घरातल्या टोपलीतला केर सासूबाई रोज सकाळी स्वतः वेगवेगळा करायच्या, ओलं एका बाजूला, सुकं एका बाजूला. मग नवरा वापरलेला निरोध कागदात गुंडाळून, वर रबर लावून, हत्यारांच्या पिशवीतून न्यायचा आणि कुठल्याशा परक्या इमारतीच्या पायथ्याशी टाकून यायचा. एकदा विसरला आणि कामावरच्या जोडीदाराने पान्यासाठी पिशवीत हात घातला. त्यानंतर चार दिवस तो तिच्याकडे पाठ करून झोपला. म्हणून गोळी. गोळी सगळ्यात सोपी, असं नवरा म्हणाला आणि बाईंनीही मान हलवली. सोपी कुणाला, हे विचारायचं तिच्या तेव्हा डोक्यात आलं नाही. बाईंनी बजावलं होतं की एकवीस गोळ्या, मग सात दिवस काही घ्यायचं नाही, त्या दिवसांत पाळी येईल, मग नवं पाकीट. तिने ते तिथल्या तिथे पाठ केलं होतं.

दोन वर्षं, एवढंच तिचं म्हणणं होतं. कापडाच्या कारखान्यात ती रंगखोलीत होती. गिऱ्हाईक बोटाएवढा कापडाचा तुकडा पाठवतं, आणि तोच रंग तंतोतंत मिळवून द्यायचा असतो. बाटल्यांतून थेंब थेंब घ्यायचे, सुताची छोटी लड बुडवायची, वाळवायची, आणि दिव्याच्या पेटीत तुकड्याशेजारी ठेवून बघायची. उन्हाच्या उजेडात जुळे वाटणारे दोन रंग दुकानातल्या दिव्याखाली एकमेकांना ओळख देत नाहीत, हे तिला मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. मास्तर तिथले मुख्य; कमी बोलणारे, नखं कायम निळी. पुढल्या वर्षी ते निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी तिचं नाव त्यांनी वरती सांगून ठेवलं होतं. पण रंगखोलीतल्या वाफा पोटुशीला चालत नाहीत. दिवस राहिल्याचं कळलं की बाईला त्याच दिवशी खालच्या मजल्यावर, गठ्ठ्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या टेबलावर पाठवतात. नियम भल्यासाठीच केलेला. तिच्या आधी या खोलीत जी होती ती अशीच खाली गेली. मूल आता चार वर्षांचं झालं, ती अजून चिठ्ठ्याच चिकटवते. जिन्यात भेटली की ती हिला विचारायची, आज कुठला रंग होता गं. मोरपिशी म्हटलं, की डोळे मिटून क्षणभर उभी राहायची.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला खोलीत गाठलं. दाराला कडी होती, पण कडी लावल्याचा आवाज बाहेर जायचा, म्हणून ती लावत नसत. असं खोटं का बोललास, तिने विचारलं, आणि आता हे रोज सकाळी असंच चालणार का. तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "अगं, उलट बरंच झालं की. तू विसरलीस तरी बाबा विसरायचे नाहीत," तो म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आता काही करू नकोस, आहे तसं राहू दे, होईल सगळं नीट. लिफ्टमध्ये कुणी अडकलं आणि त्याला फोन आला की तो हेच सांगायचा. दार ओढू नका, बटणं दाबू नका, आहात तिथं उभे राहा. त्याच्या आवाजाने माणसं शांत होतात अशी त्याची ख्याती होती. तीही झाली. म्हणजे उभी राहिली.

आणि खरं सांगायचं तर त्यात एक सुख होतं. मोजायचं नव्हतं. आठवायचं नव्हतं. सकाळी सात वाजता गोळी समोर यायची, तिच्याबरोबर पाणी यायचं, आणि पुढचे चोवीस तास ती त्यातून मोकळी. पाकीट डोळ्यांपुढे नव्हतं. कितव्या गोळीवर आहोत हे पाकिटाच्या रिकाम्या घरांवरून कळायचं, ती घरं आता कपाटात होती आणि कपाटाची किल्ली सासऱ्यांच्या सदऱ्यात. एखाद्या सकाळी तिच्या मनात यायचं की आता एकवीस होत आली असतील, आता थांबायला हवं. पण थांबायचं म्हणजे सांगायचं, आणि रक्तवाढीची गोळी सात दिवस का थांबवायची हे कसं सांगणार? अजून तेच पाकीट चाललं असेल, ती स्वतःला म्हणायची, आणि गिळायची. रोज एक दिवस पुढे ढकलला की तो दिवस पहिलाच वाटतो. तिला लहानपणची शाळेची रांग आठवायची, लस टोचायला उभी केलेली. पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघत सरकायचं, आपला नंबर येतो तेव्हा दंड आपोआप उघडा झालेला असतो. ती हट्टी नव्हतीच कधी. सगळ्या घरात तिचं कौतुक व्हायचं, पोर कशी शहाणी, कशालाही ना नाही. ते कौतुक ऐकताना तिला आईच्या पदराचा वास यायचा आणि गुदमरायलाही व्हायचं, दोन्ही एकदमच.

मग एका दुपारी लाल आला. गिऱ्हाइकाला गडद लाल हवा होता, काळपट, सुकत आलेल्या जखमेसारखा. तिने चार लडी बुडवल्या. पाचवी पेटीत ठेवून वाकली, दिवा बदलला, आणि त्या लाल रंगाकडे बघता बघता तिला कळलं की हा रंग आपण फार दिवसांत पाहिलेला नाही. किती दिवसांत? तिने बोटांवर मोजायला घेतलं. बोटं निळसर झालेली होती. दवाखान्यात जायच्या दोन दिवस आधी पाळी आली होती, गोळी तेव्हाच सुरू झाली; त्याला आता सहा आठवडे होत आले होते. गोळी घेऊनही राहिलं, म्हणजे गोळी फसली, असं होतं, बाई म्हणाल्या होत्या हजारात कुणा एखादीला होतं. मास्तर पलीकडून म्हणाले की यात अजून थोडं काळं हवं. ती हो म्हणाली आणि बाटली उचलताना तिने श्वास रोखून धरला. मग दुपारभर ती तसाच, जमेल तेवढा कमी श्वास घेत राहिली. आतलं कुणीतरी वाफा ओढतंय, आणि बाहेरची आपण ते कळू नये म्हणून लड ढवळतोय. हा लाल तिने मिळवला. मास्तरांनी पेटीत बघून नुसती भुवई उचलली, ती त्यांची शाबासकी. आपण मिळवलेला हा शेवटचा रंग, असं तिला वाटलं, आणि जिन्यातून उतरताना तिने चिठ्ठ्यांच्या टेबलाकडे बघायचं टाळलं.

घरात ते तिच्या आधी ठाऊक झालेलं होतं. महिन्याच्या सामानात तिचे पॅड सासूबाईच आणायच्या, आणि नवा पुडा कपाटात न फोडलेला तसाच उभा होता. सासूबाईंनी कुणाला काही विचारलं नाही. फक्त पाण्याची बादली तिच्या हातून काढून घेतली. उशीला धुतलेला अभ्रा घातला. फोनवर बहिणीशी बोलताना आवाज खाली आणला. आणि संध्याकाळी तिच्या शेजारी बसून, धुतलेल्या टॉवेलच्या घड्या घालता घालता, कधी नव्हे ते स्वतःबद्दल बोलल्या. आपल्याला पाच वेळा राहिलं, वाचला तो हा एकटाच; पाचव्या वेळी तर आपणच राहतो की नाही असं झालं होतं, महिनाभर जीव टांगणीला. हे त्या हसत सांगत होत्या. "तुझं सगळं नीट होईल बघ. तू रक्ताच्या गोळ्या आधीपासून घेतेयस, आम्हाला कुठलं आलंय ते," असं म्हणून त्यांनी टॉवेल तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो घट्ट धरला. सांगून टाकावं असं जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण त्या चेहऱ्यावर असा उजेड तिने पूर्वी पाहिला नव्हता, आणि तो आपल्या हाताने मालवायचं धैर्य तिला होईना.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या रजेवर दवाखान्यात गेली, एकटी. नवरा येणार होता. ऐन वेळी त्याचा फोन आला की तिघं अडकलेत, सुटले की येतो. तपासणी झाली. काहीही नव्हतं. डॉक्टरीण बाईंनी कागद बघितला, तिला दोन-चार प्रश्न विचारले, आणि चष्मा काढून म्हणाल्या, "खंड घेतलाच नाहीस तू. पाकिटावर पाकीट लावलंस. मग पाळी येणार कशी?" त्याने काही बिघडत नाही, गोळी आता बंद कर, चार दिवसांत येईल, पुढच्या वेळी नीट मोज. मोजते, ती म्हणाली. बाहेर येऊन ती फुटपाथवरच्या कठड्याला टेकून उभी राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, रस्ता ओलांडेपर्यंत. मग लक्षात आलं की उद्या सकाळी गोळी समोर येणारच आहे. ती थांबवायची तर बोलावं लागेल. आणि एक पाकीट तर तिने स्वतः आणलं होतं; दुसरं कुणी आणलं?

संध्याकाळी चौघं टेबलाशी बसली होती. सासूबाई म्हणत होत्या की आता परक्यासारखं गप्प राहू नका, आपण उद्या चांगल्या डॉक्टरांकडे जाऊ. नवरा पावाचे तुकडे करत होता. तिने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले.

"आई, मला दिवस गेलेले नाहीत. आणि ती गोळी रक्ताची नव्हती. दिवस राहू नयेत म्हणून होती. मला दोन वर्षं मूल नकोय."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या नवऱ्याकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, बघत होत्या, कारण सासऱ्यांनी मान वर केली नव्हती. वाण्याकडून एक काडेपेटी कमी आली तरी झटक्यात मान वर करणारा तो माणूस ताटात बघत बसला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी हळूहळू सांगितलं. पहिलं पाकीट संपलं तेव्हा रिकामं पाकीट घेऊन ते औषधाच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने ते उलटसुलट बघितलं आणि विचारलं, कुणासाठी हवंय. त्यावरून कळलं. मग घरी येऊन काय बोलायचं ते सुचलं नाही. सुनेच्या औषधातला कागद वाचणं बरं दिसत नाही, म्हणून तो तसाच घडीत ठेवला. बत्तीस वर्षांत न वाचता ठेवलेला तो पहिला कागद. सुरू आहे ते तुटू द्यायचं नाही एवढं कळत होतं, म्हणून रोज देत राहिलो. सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज जराही चढला नाही.

"या गोळ्या तेव्हाही होत्या? माझ्या वेळी?"

"होत्या."

"कुठे?"

"आमच्याकडेच उतरायच्या. कारखान्याच्या दवाखान्याचा माल." सासरे थांबले. "खोकी यायची. माझ्या हाताखालून जायची."

"मग?"

"चिठ्ठीशिवाय मी काही बाहेर काढलं नाही कधी," सासरे म्हणाले. हे वाक्य ते आयुष्यभर छाती काढून म्हणत आले असावेत. आज ते म्हणता म्हणता त्यांना ऐकू गेलं, आणि शेवटचा शब्द नुसता ओठांवरच राहिला.

सासूबाई उठल्या. त्यांनी सासऱ्यांपुढे हात धरला. सासऱ्यांनी खिशातली किल्ली काढून त्यात ठेवली. कपाट उघडल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत गोळ्यांचं पाकीट होतं, आणि डोळे भरलेले असले तरी आवाज स्वच्छ होता. आजपासून हे यांच्या हातात नको, त्या सुनेला म्हणाल्या. "मी देईन तुला. मोजून. किती दिवस थांबायचं तेवढं मला सांग, मी डोळ्यांत तेल घालून बघेन. तुझं माझ्यासारखं नाही होऊ द्यायची मी."

तिला भडभडून आलं. इतक्या मायेने या घरात तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. या बाईला आत्ता, या क्षणी, नाही म्हणायचं म्हणजे माणूसपणच सोडायचं; आणि हो म्हटलं, की उद्या सकाळी सात वाजता परत पाणी येईल, परत पेला सरकेल, आणि ती जन्मभर शहाणी राहील. तिने हात पुढे केला.

"माझ्याकडे द्या, आई."

सासूबाईंना कळलं नाही. त्या तिच्याकडे बघतच राहिल्या, दुखावल्यासारख्या. नवरा हळूच म्हणाला की अगं, त्या देतायत तर राहू दे ना. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पुढे केलेला हात आता दुखायला लागला होता, पण तो तिने मागे घेतला नाही. सासूबाईंच्या मुठीत पाकीट कुरकुरलं. मूठ अजून उघडलेली नव्हती.